खोळीतला पुठ्ठा

१

खोळ उचलली, आणि आत फळी नव्हती.

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, कुळगावच्या जुन्या वस्तीत, कोंडाजी म्हसकर यांच्या दारात, तीन-चारशे माणसांच्या देखत हे उघडकीस आले. कोंडाजी आमच्या अंत्यसेवा मंडळाचे संस्थापक. मंडळाची शववाहिनी त्यांनीच बारा वर्षांपूर्वी घेऊन दिली होती, आणि त्यांचा शेवटचा प्रवास तिच्यातूनच व्हायचा होता. या वाहनाच्या डाव्या अंगाला बाहेरून पोलादाची एक घडीची फळी असते; बोलताना सगळे तिला रॅक म्हणतात. मिटली की ती गाडीला चिकटून बसते; उघडली की तिच्या तीन पायऱ्यांवर पुष्पचक्रे आणि हार रचता येतात. त्यामुळे फुलांचे ओझे मृतदेहावर पडत नाही, आणि वाटेवरच्या माणसांना फुले दिसतात. फळी दोन आकड्यांवर अडकवलेली असते व दोन खिळींनी जखडलेली. खिळी ओढल्या की ती सबंध उचलून काढता येते. एरवी तिच्यावर काळ्या रेक्झिनची खोळ असते.

त्या खोळीत त्या दिवशी दुमडलेला पुठ्ठा निघाला.

गावातल्या मान्यवरांची पुष्पचक्रे शेवटी गाडीच्या तळाशी, आत बसलेल्या माणसांच्या पायांपाशी ठेवावी लागली. स्मशानात पोहोचेपर्यंत त्यांचा चेंदामेंदा झाला होता.

कोंडाजींचा मुलगा सुजित मंडळाचा अध्यक्ष आहे. तो चालकाच्या अंगावर धावून गेला.

"काल आईला नेलीस ना ह्याच गाडीतून? मग रॅक कुठंय? घरी ठेवलीस आठवण म्हणून, का भंगारात घातलीस?"

चालक शंकर ओव्हाळ नऊ वर्षे आमची गाडी चालवतो. त्याची आई चांगुणा शुक्रवारी अंबरनाथला वारली होती. दुसरा चालक रजेवर असल्यामुळे शनिवारी शंकरनेच गाडी चालवून आईला स्मशानात नेले, आणि रविवारी कोंडाजींसाठी पुन्हा कामावर हजर झाला. तो गाडीच्या दारापाशी उभा राहिला आणि काही बोलला नाही.

मी मंडळाचा चिटणीस. त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. मीही काही बोललो नाही. हे मौन मी प्रथम नोंदवतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात माझी बाजू कोठेही उजळ नाही.

संध्याकाळी सुजितचा फोन आला.

"रेगे साहेब, बुधवारी मीटिंग घेतो. सुतक आहे, म्हणून माझ्याच घरी. तुम्ही चौकशी करा, दोन पानं लिहा. शंकरला काढायचं आणि पोलिसात द्यायचं. तुम्ही लिहिलंत की कोणी शंका घेत नाही."

हे खरे होते. मी एकतीस वर्षे वजनेमापे तपासण्याच्या खात्यात काढली आहेत. माझ्या लिहिण्यावर कोणी शंका घेत नसे.

२

सोमवारी सकाळी मी गाडीच्या शेडमध्ये गेलो. शंकर आधीच येऊन उभा होता. त्याच्यासोबत त्याची मुलगी प्रीती होती. ती अंबरनाथच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे.

"शंकर, रविवारी गाडी बाहेर काढलीस तेव्हा फळी पाहिलीस?"

"खोळ बघितली साहेब. फुगलेली होती. मयताच्या घाईत खोळीत हात घालून कोण बघतंय?"

"आणि शनिवारी?"

"शनिवारी दुपारी अंबरनाथहून गाडी आणली. पाईप मारला, फडकं फिरवलं, घडी केली, खोळ घातली. चावी कल्पेशकडे दिली आणि घरी गेलो. घरी आईचं..." तो थांबला.

"धुताना फळी काढून घेतोस?"

"नाय. तीन वर्षं झाली ती बसवून. मी एकदा पण काढली नाय. आहे तशीच धुतो."

प्रीतीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "हा शनिवारचा फोटो. वेळ बघा, साडेअकरा. रॅक दिसतेय? आजीची पांढरी फुलं आहेत तिच्यावर. तुमच्या रिपोर्टला हा जोडा. आणि माझे बाबा चोर आहेत असं लिहायचं असेल तर तेही नीट अक्षरात लिहा. उद्या कोर्टात वाचायला बरं."

"प्रीती, गप."

"का गप? काल तुम्ही गप बसलात. हे पण गप बसले." तिने माझ्याकडे बोट केले. "किती जणांनी गप बसायचं, बाबा?"

फोटो मी माझ्या मोबाइलवर घेतला. मग मी ज्यातले मला कळते त्याकडे वळलो, म्हणजे धातूकडे.

दोन्ही खिळी आपापल्या भोकांत परत घातलेल्या होत्या. नुसत्या घातलेल्या नव्हत्या. त्यांच्या टोकांच्या बारीक कड्याही नीट अडकवलेल्या होत्या. चोराला हे करण्याचे कारण नाही. ज्याच्या हाताला हे वळण पडले आहे, तोच नकळत असे करतो. पुठ्ठ्याविषयी विचार केला तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली. खोळ फुगलेली दिसावी म्हणून पुठ्ठा घातला. कोणाला दिसावी म्हणून? मयताच्या घरी खोळ उघडली जाणारच होती. तिथे पुठ्ठा कोणाला फसवू शकत नव्हता. तो फसवू शकत होता एकट्याच माणसाला, शेडमधून गाडी बाहेर काढणाऱ्याला. शंकरने फळी नेली असती तर त्याने स्वतःलाच फसवण्यासाठी पुठ्ठा घातला असे म्हणावे लागेल. आरोप येथेच कोसळत होता.

पण मी जे शेवटी पाहिले, त्याने मला अधिक गोंधळात टाकले. गाडीच्या ज्या दोन आकड्यांवर फळी बसते, त्यांच्या वरच्या कडेचा रंग पार उडाला होता आणि खालचे पोलाद घासून लखलखीत झाले होते. घडी उघडमीट केल्याने बिजागरी झिजते, आकडे झिजत नाहीत. आकडे झिजतात ते फळी उचलून काढल्याने आणि परत बसवल्याने. अशी झीज दहावीस वेळांत होत नाही. शेकडो वेळा लागतात.

"शंकर, तू फळी कधी काढली नाहीस म्हणतोस. मग हे आकडे असे कशाने झिजले?"

त्याने आकड्यांकडे पाहिलेसुद्धा नाही.

"तुम्ही मापं तपासणारे साहेब. तुम्हीच बघा," तो म्हणाला. "माझ्या तोंडून नको."

३

पुठ्ठा गुलाबाच्या खोक्याचा होता. एका कोपऱ्यावर ओल्या पाकळ्यांचा डाग होता. कुळगावात असे खोके एकाच ठिकाणी येतात, स्टेशनाबाहेर यज्ञेशच्या फुलांच्या दुकानात. फळी येण्यापूर्वी यज्ञेश अंत्ययात्रांना हार टांगायच्या बांबूच्या तिकाट्या भाड्याने देत असे, आणि फळी बसवली तेव्हा त्याने मंडळाशी भांडण केले होते. तेव्हा संशयाला जागा होती.

"या साहेब, या! अटक करायला आलात का? थांबा, हार पूर्ण करून हात पुढे करतो."

"थट्टा पुरे. फळी गेल्याने तुझ्या तिकाट्या पुन्हा चालतील, असं लोक म्हणतात."

"लोकांचं काय! अहो, तिकाटीवर चार हार राहायचे. रॅकवर चाळीस राहतात. रॅक रिकामी दिसली की पाव्हण्यांना लाज वाटते, मग पळत येऊन आणखी दोन घेतात. मी चोरून काय करू तिचं? इडल्या लावू तिच्यावर?"

मी पुठ्ठा पुढे ठेवला.

"हा माझाच की!" त्याने उलटसुलट करून पाहिला. "रविवारी सकाळी सात वाजता कल्पेश घेऊन गेला. मी म्हटलं कशाला रे? तर म्हणे ऑफिसात उंदराने भोक पाडलंय, बुजवतो. मी म्हटलं, पुठ्ठ्याने? उंदराला नाश्ता देतोस काय? हसला पण नाही. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं."

कल्पेश मंडळाचे कार्यालय सांभाळतो. चाळिशीचा, अबोल, कामाला पक्का माणूस. फोन तो घेतो, नोंदवही तो लिहितो, शेडच्या चाव्या त्याच्याकडे असतात. आणि रविवारी, सुजित शंकरला चोर म्हणत असताना, कल्पेश माझ्या शेजारी उभा होता.

४

कबूल करायला कल्पेशने फार वेळ घेतला नाही.

"पुठ्ठा मीच घातला साहेब. रॅक रिपेअरला दिलीय, उल्हासनगरला, टेकचंदकडे. बिजागरी ढिली झाली होती. वेळेत आली नाही. सुजितदादांच्या वडिलांची अंत्ययात्रा आणि रॅक नाही. शंकर बघेल, ओरडेल, सगळ्यांना कळेल, म्हणून पुठ्ठा घातला. वाटलं, तिथे गेल्यावर काहीतरी होईल."

"काहीतरी झालंच. चारशे माणसांत शंकर चोर ठरला. तेव्हा का बोलला नाहीस?"

"घाबरलो साहेब."

भित्र्या माणसाची हलगर्जी. उत्तर साधे होते, कोणाचे फार बिघडवणारे नव्हते, आणि मला ते आवडले. मी दोन पाने मनातल्या मनात लिहूनही टाकली. केवळ सवयीमुळे, वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही या जुन्या शिस्तीमुळे, मी मंगळवारी सकाळी रिक्षाने उल्हासनगरात टेकचंदच्या कारखान्यावर गेलो.

"आओ साईं, आओ! रॅक के लिए आए? वो देखो, टंगा है."

फळी भिंतीवर टांगलेली होती. नवी बिजागरी चकाकत होती.

"कब आया ये?"

"गुरुवार को. कल्पेश टेम्पो में डाल के लाया. शनिवार का बोला था मैंने, लेकिन शनिवार को दिनभर लाईट नहीं. सॉरी हां."

"गुरुवार नाही. शनिवारी संध्याकाळी आणली असेल."

"अरे साईं, गुरुवार को मेरी भतीजी की मंगनी थी! शटर आधा खोल के, शेरवानी पहन के माल लिया मैंने. उसकी धूल अभी तक नहीं निकली शेरवानी से. मैं भूलूंगा?"

मी मोबाइल काढला. शनिवार, सकाळी साडेअकरा, अंबरनाथ. गाडीच्या डाव्या अंगाला फळी उघडलेली, तिच्यावर चांगुणाबाईंची पांढरी फुले. आणि तीच फळी गुरुवारपासून उल्हासनगरात या भिंतीवर. एक वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. दोन्हींपैकी एक साक्ष खोटी असली पाहिजे.

टेकचंदने चष्मा वर करून फोटो पाहिला.

"बराबर है," तो सहज म्हणाला. "ये दूसरा वाला है."

"दुसरा?"

"दो ही तो बनाए थे. ऑर्डर पे सही आपकी है, साईं."

५

त्याने कागद काढून दाखवला. अक्षर माझेच होते. 'घडीची, काढता येणारी फळी, नग दोन. पैकी एक जादा.' खाली माझी सही.

मी विसरलो होतो असे लिहिणे सोयीचे झाले असते. पण माणूस विसरतो तेव्हा त्याला आठवल्यावर आश्चर्य वाटते. मला आश्चर्य वाटले नाही.

तीन वर्षांपूर्वीची बैठक. सुजित म्हणाला होता, "दोनच करून घेऊ. गाडी काय, सगळ्यांकडे जाते. फुलं शेवटी देवाच्या पायावरची असतात. समजलं ना साहेब?" मी समजलो होतो. कोणाची फुले कोणाच्या फुलांच्या जागी ठेवायची नाहीत, हे मला पूर्णपणे समजले होते. नोंद काय करायची, असे त्याने विचारले. शब्द त्याला सापडत नव्हता. मी म्हणालो, "जादा म्हणून लिहितो." घडीची फळी पुरेशी होती; ती काढता येणारी कशाला हवी, असे टेकचंदने तेव्हा विचारले होते, आणि धुवायला सोपी जावी, असे उत्तर मीच दिले होते. मग तीन वर्षे मी दुसरी फळी कोठे असते हे विचारले नाही. ज्याने आयुष्यभर वाण्यांच्या तागड्या उलथ्या करून पाहिल्या, त्याने स्वतःच्या मंडळाची कोठी एकदाही उघडून पाहिली नाही.

परत आल्यावर मी कल्पेशला म्हणालो, "कोठी उघड."

जुन्या बर्फपेटीच्या मागे, चादरीत गुंडाळलेली दुसरी फळी उभी होती. खालच्या कोपऱ्यावर लाल रंगाचा ठिपका होता. आता कल्पेश स्वतःला आवरू शकला नाही.

"फोन आला की आधी आडनाव विचारतो साहेब. मग पत्ता. आडनावावरून ठरतं कुठली लावायची. रात्री येऊन बदलून ठेवतो. तीन वर्षं हेच. शनिवारी ही होती, शंकरच्या आईला. रविवारी पहाटे सहा वाजता कोंडाजी गेल्याचा फोन आला. सवयीने ही काढली, कडी लावली, आत ठेवली. दुसरी घ्यायला वळलो तेव्हा आठवलं, ती टेकचंदकडे आहे."

"मग हीच परत का नाही लावलीस?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी फार मूर्ख प्रश्न विचारला आहे.

"कालच ओव्हाळांच्या आईची फुलं होती तिच्यावर. कोंडाजींना तीच लावू? दादांनी खाली वाकून ठिपका बघितला असता तर? त्यापेक्षा रॅकच नको म्हटलं."

"सुजितला रविवारी कळलं होतं?"

"खोळ उघडल्या उघडल्या कळलं. माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. मग ते शंकरकडे वळले."

६

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता म्हसकरांच्या पडवीत मंडळ बसले. सुजित मुंडन केलेला, घोंगडीवर. आम्ही सातजण सतरंजीवर. शंकर पायरीपाशी उभा. त्याला कोणी बस म्हटले नव्हते, म्हणून मीच उठून जागा दिली. तो बसला नाही.

"वाचा साहेब. सह्या करू आणि मोकळे होऊ," सुजित म्हणाला.

मी वाचले. खिळी, आकडे, पुठ्ठा, फोटो, टेकचंदचा कागद. आडनाव विचारण्याची रीत. तिसऱ्या परिच्छेदानंतर माना खाली जाऊ लागल्या. सात माणसांपैकी एकालाही आश्चर्य वाटलेले दिसले नाही, आणि माझ्या सबंध चौकशीतला सर्वांत भयंकर पुरावा तोच होता.

"जादा हा शब्द तुमचा आहे, रेगे साहेब," सुजित हळूच म्हणाला.

"होय. म्हणून दोषींच्या यादीत पहिले नाव माझे आहे. दुसरे तुझे."

"हे प्रोसिडिंगमध्ये घेऊ नका. शंकर निर्दोष आहे एवढं लिहा. गावात शोभा कशाला?" मग तो शंकरकडे वळला. त्याचा आवाज खरोखरच पडला होता. "शंकर, रागात बोललो रे. घरात मयत होती."

"माझ्या पण होती दादा," शंकर म्हणाला. "तुमच्या एक दिवस आधी."

मी वाचलेली पाने खाली ठेवली.

"तुला दोन फळ्यांचं ठाऊक होतं?" मी शंकरला विचारले.

"पहिल्या वर्षापासून. एकीचं खिळीचं भोक बोटभर खाली आहे. फडकं फिरवताना हाताला कळतं."

"मग आईला नेताना..."

"कळलंच ना साहेब. लाल ठिपक्याचीच होती. मी फुलं मांडली. पोरीला नाय सांगितलं. तिने फोटो काढला, तेव्हा मी कोपऱ्यावर हार सरकवला, ठिपका दिसू नये म्हणून." त्याने तोंड पुसले. "आईची फुलं तिच्यावरून गेली याची लाज मला वाटत होती. तीन वर्षं तुम्हाला वाटायला हवी होती, ती."

"कधी बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलणार? लिहिणारे तुम्हीच."

मी उभा राहिलो. साठी उलटलेल्या माणसाला क्षमा मागण्याचा सराव नसतो. मी हात जोडले आणि जे जमले ते म्हणालो. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"माफ केलं असं मला म्हणता येणार नाय साहेब. आई असती तर तिला विचारून सांगितलं असतं. गाडी मी चालवीन. मेलेल्या माणसाचा त्यात काय दोष?" तो एक पायरी वर आला. "पण ते प्रोसिडिंगमध्ये घ्या. सगळं. तिचं नाव घालून."



मी वही पुढे ओढली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मला त्या बाईचे पुरते नावही ठाऊक नाही. मी विचारले. "चांगुणा सखाराम ओव्हाळ," शंकर म्हणाला. मी लिहिले: मंडळाने तीन वर्षे मृतांच्या फुलांसाठी जातीप्रमाणे दोन फळ्या ठेवल्या, चांगुणा सखाराम ओव्हाळ यांच्या अंत्ययात्रेस त्यांपैकी वेगळी राखलेली फळी लावून मंडळाने त्यांचा अपमान केला, हा अपमान झाकण्यासाठी त्यांच्या मुलास चोर ठरवले, आणि ज्याने हे सर्व समजून उमजून एका शब्दाखाली दडवले, तो चिटणीस खाली सही करणारा मीच आहे.

"वाचून दाखवा," शंकर म्हणाला.

मी वाचले. शेवटच्या ओळीला माझा आवाज बसला.

"शेवटचं ऐकू नाय आलं," तो म्हणाला. "परत वाचा."

मी पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचू लागलो.